मानमोडीत गेली, एवढंच?

पान डाव्या बाजूनं कसरीनं खाल्लेलं होतं. मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग ओळीवर धरलं आणि एकेक रकाना सावकाश वाचला. माझ्या पणजोबांचं नाव. त्याच्यापुढे ‘याची बायको’. वय बावीस. मरणाचं कारण, विहिरीत पडून. तारीख मे १९१८ ची.

२०२३ च्या शेवटी मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि तहसील कचेऱ्यांमधले वर्षानुवर्षं न सुटलेले जुन्या कागदांचे रुमाल सुटले. कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, हा शब्द तोवर आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता, तो महिनाभरात पोराटोरांच्या तोंडी झाला. कुणबी नोंद मिळते का, एवढंच पाहायला माणसं लांबून येत होती. माझा चुलतभाऊही त्याचसाठी आला होता आणि त्याला सोबत म्हणून मी. त्याला हवा तो शब्द त्याच ओळीत जातीच्या रकान्यात मिळाला. त्यानं पानाचा फोटो काढला, नकलेचा अर्ज भरला, गुरुजींना नमस्कार केला. त्याचं काम झालं. मी मात्र त्या ओळीपाशी थांबले ती आजवर तिथेच आहे.

कारण आमच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगितली जाते. पणजोबांची पहिली बायको मानमोडीत गेली, मग त्यांनी दुसरं लग्न केलं, आम्ही सगळे दुसरीचे. लहानपणापासून हेच ऐकलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. अंग मोडून यायचं, मान उचलवायची नाही, दोन-तीन दिवसांत धडधाकट माणूस जायचं. ही साथ मुंबईत दिसली ती जून १९१८ मध्ये आणि खेड्यापाड्यांत तिनं कहर केला तो त्याच्यापुढे, सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्यात मानमोडी आलेलीच नव्हती. मे महिन्यात आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती.

घरी आल्यावर फुईला विचारलं. फुई म्हणजे माझी आत्या, ऐंशी पार केलेली, बोरी नदीकाठच्या आमच्या गावात अजून स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारी. ती म्हणाली, “ती मानमोडीमा गयी.” मी म्हटलं, कागदावर विहीर लिहिलीय. तिनं भाकरी तव्यावर उलटली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग मी विचारलं, “तिनं नाव काय व्हतं?”

“कोनले ठाऊक,” फुई म्हणाली.

खानदेशची ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर ती या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतून लिहावी लागेल, असं माझं म्हणणं आहे. एक वाक्य घरानं जपलेलं, एक कागदानं. दोन्हीत बाईचं नाव नाही. आणि ही कादंबरी लिहिली जाणं ही माझ्या मते साहित्यिकांपुरती हौसेची गोष्ट नाही. आपल्या भागावर आलेल्या संकटांची आठवण कुणाच्या नावानं ठेवायची, हा सगळ्यांचा प्रश्न आहे.

मराठी कादंबरीची सुरुवात कुठून झाली ते आठवून पाहा. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती १८५७ ची, आणि तिचा विषय होता विधवा बायांचे हाल. चौदा वर्षांनी, १८७१ साली, पहिली ऐतिहासिक कादंबरी निघाली आणि ती गेली गडावर. त्यानंतर आपली ऐतिहासिक कादंबरी फारशी गडाखाली उतरलीच नाही. गड, राजे, सरदार, तह, दगाबाजी. बाई आली तर राणी म्हणून, राजमाता म्हणून किंवा सती म्हणून. मी या कादंबऱ्या आवडीनं वाचल्या आहेत, त्यांनी मला वाचायला लावलं हे मी विसरत नाही. पण ज्या बाईनं गडाला धान्य पुरवणाऱ्या गावात दळण दळलं, तिचा इतिहास हा इतिहासच नव्हे, अशी सवय आपल्याला याच वाचनानं लागली.

खानदेशात तर गडांपेक्षा संकटांचा इतिहास मोठा आहे. १९०६ पर्यंत हा एकच जिल्हा होता, धुळे त्याचं मुख्य ठाणं. मग पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश झाले, पुढे १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. नकाशे बदलत राहिले, पण तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या माणसांवर जे आलं ते सगळ्यांवर मिळून आलं. १८७२ च्या पावसाळ्यात पांझरेला महापूर आला आणि धुळ्यातली घरं वाहून गेली. १८७६ ते ७८ दुष्काळ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला आणि रेल्वेच्या रस्त्यानं पसरत गेला, त्याच साली पुन्हा दुष्काळ. त्यातून सावरतो तोवर १८९९-१९०० चा, संवत १९५६ म्हणून ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो. नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या भिल्लांना त्यानं अक्षरशः रानावर आणलं. आणि १९१८ ला मानमोडी, जिच्या बरोबरीनं पाऊसही गेला. हे सगळं एका आयुष्यात मावतं. १८७० च्या सुमारास जन्मलेली बाई पन्नाशीपर्यंत जगली असेल तर तिनं हे सगळं पाहिलं. एका बाईच्या आयुष्यात! एवढी मोठी कादंबरी समोर पडली असताना आपण पुन्हा पुन्हा त्याच तहांकडे आणि लढायांकडे का वळतो?

मानमोडीबद्दल थोडं थांबून सांगते. भारतात तिनं किती माणसं नेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं दुसऱ्या कुठल्याही दशकात घडलेलं नाही. साथी सहसा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतात, हिनं वीस ते चाळीस वयाची माणसं नेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. त्या वेळच्या सरकारी आरोग्य अहवालांतही हे नमूद आहे. का गेल्या असतील याचं उत्तर ज्यानं आपल्या आईला घरात वागताना पाहिलं आहे त्याला शोधावं लागणार नाही. घरातलं माणूस तापानं पडलं की त्याच्या उशाशी कोण बसतं? रात्रीचा काढा कोण उकळतं? शेवटची भाकरी कुणाच्या वाट्याला येते, आणि उरली नाही तर कोण उपाशी झोपतं? ताप अंगात असताना आडावर पाण्याला कोण जातं? यातल्या कित्येक पोटुशी होत्या. साथीला कुणी हातानं निवडून दिलं नव्हतं, पण घराच्या रीतीनं बायांना तिच्या वाटेत उभं केलं होतं.

ही वाट दाखवणं कादंबरीलाच जमतं. अहवाल सांगतो की बाया जास्त मेल्या. कादंबरी सांगू शकते की त्या रात्री चुलीपाशी काय झालं.

आता बायांची आयुष्यं एकमेकींत गुंतण्याबद्दल. अनेक बायांची गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्यांमध्ये लेखक त्यांना योगायोगानं भेटवतो. हरवलेलं पत्र सापडतं, जत्रेत गाठ पडते, एकीच्या गळ्यातली पोत दुसरीच्या पेटीत निघते. खानदेशात याची गरजच नाही. इथे बाया एकमेकींना भेटायच्या त्याची कारणं रोकडी आणि पक्की होती. गावात उंदीर पडायला लागले की प्लेगच्या भीतीनं गाव बाहेर पडायचं आणि शेतामाळावर झोपड्या घालून राहायचं. वाड्याच्या मागच्या खोलीत जिचं आयुष्य गेलं अशी केशवपन केलेली विधवा पहिल्यांदा उघड्या माळावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, कुडाच्या झोपडीत यायची. झोपड्यांच्या रांगा जातीजातींच्या वेगळ्या, हे खरं. पण रात्री बाळंतपण अडलं की सुईण एकच, आणि ती कुठल्या रांगेतली हे सगळ्यांना माहीत. तिला हाक मारायला कोण गेलं, कुठवर गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरानं तिला ओळख दाखवली की नाही, यातून एक अख्खं प्रकरण होतं.

किंवा दुष्काळी कामं घ्या. १८७७ साली इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं कामावरच्या माणसाचं दिवसाचं धान्य एका पौंडावर आणलं, म्हणजे साधारण अर्धा शेर. दिवसभर उन्हात खडी फोडायची, माती वाहायची आणि त्यावर हे. त्यातही बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी. त्या खडीच्या ढिगाशी पाटलाची सून आणि कालपर्यंत तिच्या शेतात निंदायला येणारी, दोघी शेजारी बसलेल्या असणार. डोक्यावरून पदर ओढायचा तर हातोडी हाणता येत नाही. पदर आधी कुणी सोडला असेल?

किंवा जिन. खानदेशी कापसाला अमेरिकेतल्या यादवी युद्धानं भाव आला, रेल्वे आली, आणि जळगावच्या बाजूला सरकी काढायचे कारखाने उभे राहिले. त्यांना आपल्याकडे अजून जिनच म्हणतात. हंगामात तिथे बायांना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवत. १८८४-८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांमधल्या कामाच्या तासांची जी साक्ष झाली ती वाचून पोटात गोळा येतो. १८९१ च्या कायद्यानं बाईचा दिवस अकरा तासांवर आणला तेव्हा त्याला सुधारणा म्हणत, यावरून आधी काय असेल ते ओळखावं. रुईची धूळ नाकातोंडात, पाळण्यातलं लेकरू गप्प राहावं म्हणून त्याला अफू चाटवलेली. छातीत आधीच रुई भरलेल्या या बायांवर पुढे मानमोडी आली असेल तेव्हा काय झालं असेल?

तिसरी जागा रेल्वेची. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि निराधार बाया पुण्याकडे आणल्या. त्यातून पुढे केडगावचं मुक्ती सदन वाढलं. मध्य प्रांतातून पुण्याकडे येणारा लोहमार्ग भुसावळवरून येतो. भुसावळच्या फलाटावर त्या मुलींना पाणी कुणी दिलं असेल? मी भुसावळला गाडी बदलताना दरवेळी हा विचार करते.

तर गुंफण आहे, संकट आहे. उरलं रहस्य. आणि इथे मला लेखकांशी भांडायचं आहे.

अशा विषयाला हात घालणाऱ्यांचा एक मोह असतो. साथीच्या वर्षात एक बाई मरते, तिचं मरण साथीच्या नावावर खपवलं जातं, आणि शंभर वर्षांनी कुणी पणती जुना कागद उघडून खून शोधून काढते. ऐकायला हे जमून येतं. माझ्याकडे तर त्याचा सगळा माल तयार आहे. बावीस वर्षांची बाई, विहीर, खोटी सांगितलेली गोष्ट, लगेच झालेलं दुसरं लग्न, नाव पुसलेलं. नवऱ्यानं ढकललं, सासूनं जाच केला, पोलीस पाटलानं डोळे मिटले, असा उलगडा शेवटच्या प्रकरणात करायला कितीसा वेळ लागतो?

मी तो करणार नाही, आणि लेखकानंही करू नये असं मला मनापासून वाटतं. मी पणजोबांना वाचवायला निघाले आहे असं कुणी समजू नये. गुन्हेगार सापडला की बाकीचे सगळे सुटतात, हे त्यामागचं कारण आहे. एक वाईट माणूस होता, त्यानं एका बाईला मारलं, संपलं. मग ज्या विहिरीला कठडा नव्हता तिचं काय? पाणी शेंदायला बाईनं पहाटेच्या अंधारात एकटीनं जायचं, ही रीत कुणाची? तिला दिवस गेले होते का, मूल होत नव्हतं का, हे कुणी विचारलं का? आखाजीला खानदेशातल्या प्रत्येक सासुरवाशिणीला मूळ येतं. भाऊ न्यायला येतो, लिंबाला झोका बांधतात, गौराई बसते, चार दिवस का होईना पण लेक लेक होते. त्या साली तिला न्यायला कुणी आलं होतं का? की आलं होतं आणि पाठवलं नाही? की ती जाऊन परत आली आणि परत यायचंच नव्हतं? मला माहीत नाही. पण या प्रत्येक प्रश्नात गाव उभं आहे, एकट्या माणसावर ते भागत नाही. खुनाचा छडा लावणारी कादंबरी हे सगळे प्रश्न एका माणसाच्या गळ्यात बांधून त्याला विहिरीत सोडून देते.

शिवाय ती खरंच पाय घसरूनही पडली असेल. मे महिन्यात खानदेशातल्या विहिरी तळाला जातात. पायऱ्यांच्या विहिरीत शेवटच्या ओल्या पायरीवर उभं राहून वाटी-वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया माझ्या आईनं पाहिल्या आहेत. घसरून पडली असेल तर तिचं मरण कमी महत्त्वाचं ठरतं का? कादंबरीला खून हवा म्हणून आपण तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करायचा का?

माझ्या लेखी खरं रहस्य निराळं आहे. घरानं गोष्ट का बदलली, हे रहस्य. विहिरीत बाई जाणं ही घराला लाज होती, दुसरी मुलगी मिळायला अडचण होती, पंचनाम्याची भीती होती. मग पाच महिन्यांनी गावात मानमोडी आली. घरटी एक-दोन माणसं गेली, तिरड्यांना माणसं पुरेनात, कोण कशानं गेलं हे कुणी विचारायच्या स्थितीत राहिलं नाही. त्या गर्दीत आमच्या घरानं आपली एक बाई हळूच सरकवली असावी. मोठ्या संकटानं लहान संकट झाकलं. हे एका दिवसात झालं नसणार. पहिल्या पिढीनं जाणून सांगितलं, दुसरीनं अर्धवट जाणून, आणि फुईच्या पिढीला तेच खरं झालं. फुई खोटं बोलत नाही. फुईनं हे आपल्या आजीकडून ऐकलं, आणि ती आजी म्हणजे त्या घरात दुसरी म्हणून आलेली माझी पणजी. सवतीची गोष्ट सांगताना तिनं मानमोडी का निवडली असेल? घराची अब्रू म्हणून, की त्या विहिरीवर तिलाही रोज पाण्याला जायचं होतं म्हणून? कधी एकत्र न राहिलेल्या या दोघी. एकीच्या मरणावर दुसरीचं लग्न उभं, आणि दुसरीच्या तोंडून पहिलीचं मरण बदललेलं. आयुष्यं गुंतणं म्हणतात ते हे. कादंबरीकारानं इथे उतरावं.

कादंबरी म्हणजे कल्पना, तिला कागदांचं ओझं कशाला, असं मला ऐकवलं जाईल. कल्पनेशिवाय माझ्या या पणजीच्या सवतीला वाचाच फुटणार नाही, हे मला मान्य आहे. पण कल्पना कुठे सुरू झाली ते वाचकाला कळलं पाहिजे. कादंबरीच्या शेवटी दोन पानं जोडावीत. या गोष्टी कागदात आहेत, या मी ऐकल्या आहेत, या माझ्या मनच्या आहेत. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीतलं वाक्य दहा वर्षांत भाषणात येतं आणि वीस वर्षांत इतिहास म्हणून भांडायला वापरलं जातं, हे आपण पाहत आलो आहोत. राजांच्या बाबतीत निदान त्याला उत्तर द्यायला बखरी आणि पत्रं असतात. बिननावाच्या बाईच्या बाबतीत कादंबरीत जे लिहिलं तेच शेवटचं राहणार. तिच्या बाजूनं बोलायला दुसरा कागद नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना जास्त जपून लिहायचं.

हेच सातपुड्याबद्दल दुपटीनं खरं आहे. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली. खाज्या नाईक, भीमा नाईक ही नावं आता निदान घेतली जातात. तिथून बायामुलांना पकडून नेलं, त्यांची नावं कुठे आहेत? पकडलेल्या बायांचं पुढे काय झालं यावर काळजाला हात घालणारी कादंबरी होईल. पण ती माझ्यासारखीनं सपाटीवरच्या घरात बसून गॅझेटियर वाचून लिहू नये. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या घरांत या गोष्टी गाण्यांमधून असतील, आणि त्या घरांतल्या मुली आता शिकल्या आहेत, शिक्षिका आहेत, नर्स आहेत. लिहायला मदत करायची तर त्यांना करावी, त्यांच्या वतीनं लिहिण्याची घाई करू नये.

भाषेचं तर विचारूच नका. खानदेशावरची कादंबरी आणि तिच्यातल्या बाया पुण्याच्या मराठीत हुंदके देतात, हे मला वाचवत नाही. अहिराणी लोकांना कळणार नाही, लेवा गणबोली कोण वाचणार, असं म्हणतात. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात, घरात गाणी म्हणत गेल्या, आणि त्यांच्या कवी मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती गाणी छापली गेली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. खानदेशी बोलीमुळे कुणाचं काही अडलं नाही. त्याच बहिणाबाईंचा मुलगा ओंकार जळगावच्या प्लेगात कायमचा अपंग झाला, नवरा तरुणपणी गेला. त्यांचं आयुष्य याच संकटांमधून गेलं. त्या उतरवून ठेवल्या गेल्या म्हणून आपल्याला दिसतात. त्यांच्या शेजारच्या घरात जात्यावर बसणारी दुसरी कुणी होती आणि तिचा मुलगा कवी नव्हता, म्हणून ती दिसत नाही. फरक एवढाच.

म्हणून माझी मागणी लेखकांपाशी संपत नाही. कुणबी नोंदींच्या निमित्तानं जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी पानं स्कॅन झाली. प्रचंड काम झालं आणि ते सरकारनं केलं. पण ती पानं पाहिली गेली ती एका रकान्यासाठी. त्याच ओळीत वय आहे, मरणाचं कारण आहे, तारीख आहे, ‘याची बायको’, ‘याची लेक’, ‘याची आई’ आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्या नावाला साजेसं काम हेच, की एकेका गावाची १८९६ ते १९२० ची मृत्यूनोंद मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वाचावी, देवनागरीत उतरवावी, लोकांना पाहायला ठेवावी. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे, जुने कागद जपायची परंपरा आहे. राजवाडे कागदांसाठी गावोगाव पायी हिंडले. आता कागद आपण होऊन बाहेर आलेत तर ते नुसते दाखल्यापुरते वापरून पुन्हा रुमालात बांधायचे का? मोडी वाचणारी जुनी माणसं फार थोडी उरली आहेत. आमच्या गुरुजींचे हात कापतात.

आणि कागदाच्या बाहेरचं तर रोज जातंय. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांत प्लेग आहे, दुष्काळ आहे, विहीर तर जागोजागी आहे. मोबाइल प्रत्येक घरात आहे. आजीसमोर तो धरून एक ओवी म्हणायला सांगायला काय लागतं? मीही उशीर केला. माझी आजी गेली तेव्हा तिच्यासोबत काय काय गेलं याचा हिशेब लागत नाही.

दिवाळीत मी पुन्हा गावी गेले. विहीर आता बुजवली आहे, वर सोलरचा पंप बसवलेली बोअर आहे. फुईनं माळ्यावरची पितळेची भांडी घासायला काढली होती. त्यात एक जुना तांब्या, बुडाशी चेपलेला. पूर्वी लग्नात माहेरची माणसं भांड्यांवर लेकीचं नाव घालून देत, तशी त्याच्या गळ्याखाली अक्षरं घातलेली दिसली. मी तो खिडकीशी नेला, तिरपा धरला, बोट फिरवून पाहिलं. ‘सौ.’ लागतं, त्याच्यापुढे ‘का’ लागतो. काशी, कावेरी, कानू, काहीही असेल. पुढची अक्षरं शंभर वर्षांच्या राखेनं, चिंचेनं घासून घासून सपाट झाली आहेत. माझ्या पणजीचं नाव ‘का’वरून नव्हतं, एवढं फुईला पक्कं ठाऊक आहे.

“मंग हाऊ कोना?” ती स्वतःशीच म्हणाली.

तिच्या एका हातात चिंचेचा गोळा होता. दुसरा हात तिनं तांब्यासाठी पुढे केला, आणि मग तो तसाच मागे घेतला.